एक यंत्र, अनेक बाजार

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी, चार दरवाजांकडून येणारे रस्ते जेथे एकमेकांस मिळतात त्या ठिकाणी, मांडवीची कमानदार इमारत उभी आहे. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. बाहेरून आलेला माल आधी मांडवीवर उतरावा, त्यावर सरकारी कर बसावा आणि मगच तो बाजारात जावा, अशी जुन्या काळी अनेक शहरांची रीत होती. गायकवाडांच्या आश्रयाने येऊन वाडी आणि दांडिया बाजार या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या रीतीचा आणखी एक पदर परिचित होता. संस्थानचे नाणे बाबाशाही आणि बाहेरचे नाणे इंग्रजी. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावयाचे तर सराफाला बट्टा मोजावा लागे. बाबाशाही रुपया विसाव्या शतकाच्या आरंभी चलनातून गेला. गुजरातेतील महानगरपालिकांची जकातही २००७ मध्ये रद्द झाली. तथापि मालाच्या वाटेवर भिंती असल्या म्हणजे त्याचा भाव कसा बदलतो, हा प्रश्न काही जुना झालेला नाही. आज तो एका अगदी नव्या वस्तूच्या संदर्भात विचारता येतो. ती वस्तू म्हणजे घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ खेळ खेळण्याचे यंत्र, ज्याला सर्वत्र कन्सोल असे म्हणतात.

बाजारांची तुलना करण्यासाठी ही वस्तू फार सोयीची आहे. तांदूळ, आंबा किंवा कापड यांचे भाव दोन शहरांत निराळे असले तर प्रतही निराळी असेल, अशी शंका राहते. कन्सोलच्या बाबतीत ती शंका उरत नाही. टोकियोतील यंत्र आणि बडोद्यातील यंत्र एकाच घडणीचे असते. त्याची निर्मिती जगातील मोजक्याच कंपन्या करतात आणि ते बाजारात केव्हा आले याचा दिवस नोंदलेला असतो. अर्थशास्त्राचा एक साधा नियम असा की, वाहतुकीचा खर्च वजा जाता एका वस्तूला सर्वत्र एकच भाव असावा. जेथे हा नियम मोडतो तेथे मध्ये कोणती तरी भिंत आहे असे समजावे. परंतु केवळ भाव पाहून बाजाराची कार्यक्षमता ठरत नाही. वस्तू किती लवकर पोहोचली आणि घेणाऱ्याला तिच्याविषयी खरी माहिती व विक्रीनंतरचा आधार कितपत मिळाला, हेही पाहिले पाहिजे. भाव, काळ आणि भरवसा या तीन कसोट्या लावून निरनिराळ्या देशांचे बाजार तपासले असता काही उद्‌बोधक गोष्टी दिसून येतात.

तत्पूर्वी या व्यापाराचे एक मर्म ध्यानात घ्यावयास हवे. कन्सोल बनविणाऱ्या कंपन्या पुष्कळदा यंत्र अल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकतात आणि आपली प्राप्ती खेळांच्या विक्रीतून करतात. दिवा स्वस्त द्यावा आणि तेलावर कमवावे, तशी ही युक्ती आहे. तिचा परिणाम असा की, यंत्राची किंमत ही एकटी किंमत नसते. ती पुढे विकल्या जाणाऱ्या खेळांच्या आशेवर ठरलेली असते. ज्या देशात खेळ मोठ्या संख्येने खपतात तेथे कंपनी यंत्र लवकर नेते आणि त्याची किंमत आटोक्यात ठेवते. जेथे खेळ थोडे खपतात किंवा नकली खेळ चालतात, तेथे दिवा स्वस्त देण्यात तिला स्वारस्य उरत नाही.

अमेरिकेचा बाजार सर्वांत मोठा आणि मोकळा मानला जातो. परंतु मोकळेपणाने तोही एकदा बुडाला होता. १९८०च्या सुमारास तेथे घरगुती व्हिडिओ खेळांची लाट आली. कोणीही खेळ काढावा आणि दुकानात मांडावा, अशी स्थिती झाली. वेष्टनाआड चांगला खेळ आहे की टाकाऊ, हे ग्राहकाला पैसे मोजल्याखेरीज कळेना. एकदोनदा फसलेल्या ग्राहकाने सगळ्याच खेळांकडे पाठ फिरविली. १९८३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरांच्या घरात असलेली उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटी डॉलरांच्या आसपास आली. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला. २०१४ मध्ये तो उकरून काढण्यात आला तेव्हा त्या काळचे खेळ खरोखरच हाती आले. या पडझडीचे कारण कर नव्हते, वाहतूकही नव्हती. माहितीचा अभाव हेच तिचे कारण. १९८५ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत पाऊल टाकले ते यावर उपाय घेऊन. तिच्या परवान्याशिवाय बनलेला खेळ चालू नये यासाठी यंत्रात आणि खेळात एकमेकांस ओळखणारे कुलूप बसविण्यात आले. भरवसा परत आला. पण त्या कुलपाची किल्ली एकाच कंपनीच्या हाती गेली.

निन्टेन्डोचे हेच यंत्र जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ या नावाने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनांना विक्रीस आले होते. त्या मूळ यंत्रात मात्र असे कुलूप नव्हते, आणि त्यामुळे त्याच्या नकला करणे पुढे आशियाभर सोपे झाले. जपानच्या बाजाराचे वैशिष्ट्य असे की, तेथे जुन्या मालाचा व्यापार अत्यंत सुव्यवस्थित आहे. टोकियोच्या अकिहाबारा भागातील दुकानांत वापरलेली यंत्रे आणि खेळ तपासून, प्रत ठरवून मांडलेले असतात. खेळ बनविणाऱ्या कंपन्यांनी या व्यापारास हरकत घेतली होती. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये ती हरकत फेटाळली आणि एकदा रीतसर विकलेला खेळ पुन्हा विकण्याचा हक्क मान्य केला. वस्तू पुन्हा विकता येते हे ठाऊक असले म्हणजे नवी घेणाराही धीराने पैसे मोजतो. जुना बाजार हा नव्या बाजाराचा वैरी नसून आधार असतो, हे यावरून दिसते. असे असूनही भिंत जपानलाही चुकलेली नाही. ५ जून २०२५ रोजी निन्टेन्डोने आपले ‘स्विच २’ हे यंत्र आणले तेव्हा जपानमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या होत्या. केवळ जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनांना आणि सर्व भाषांत चालणारी ६९,९८० येनांना. स्वस्त येनाचा लाभ घेऊन परदेशी ग्राहकांनी माल उचलून नेऊ नये, यासाठी भाषेलाच तटबंदीचे काम देण्यात आले.

ब्राझीलची कथा याहून निराळी. तेथील शासनाने परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर भारी कर लावले आणि देशी निर्मितीला आश्रय दिला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या टेकटॉय या ब्राझिली कंपनीने जपानच्या सेगा कंपनीशी करार करून १९८९ पासून ‘मास्टर सिस्टिम’ हे यंत्र देशातच बनवून विकले. अन्यत्र ते यंत्र विस्मृतीत गेल्यानंतरही ब्राझीलमध्ये ते वर्षानुवर्षे खपत राहिले. टेकटॉयने खेळ पोर्तुगीज भाषेत आणले आणि देशातील मुलांना आवडणारी चित्रकथांतील पात्रे त्यांत घातली. करांच्या भिंतीआड येथे एक घर उभे राहिले हे खरे. पण भिंतीची किंमत मोजावी लागली तीही खरी. २०१३ मध्ये सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन ४’ अमेरिकेत ३९९ डॉलरांना मिळत असता ब्राझीलमध्ये त्याची किंमत ३,९९९ रियाल ठेवण्यात आली. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम १,७०० डॉलरांहून अधिक होत होती. ग्राहकांनी संताप व्यक्त करताच कंपनीने जाहीर खुलासा करून या किमतीचा मोठा भाग करांचा असल्याचे सांगितले.

चीनने तर दारच बंद केले होते. मुलांच्या अभ्यासावर आणि मनावर अनिष्ट परिणाम होतो, या कारणाने जून २००० मध्ये तेथे कन्सोलच्या निर्मितीस व विक्रीस मनाई करण्यात आली. ती २०१४ मध्ये शांघायच्या मुक्त व्यापारक्षेत्रापुरती सैल झाली आणि २०१५ मध्ये देशभर उठली. परंतु या पंधरा वर्षांत चिनी मुलांनी खेळणे सोडले नाही. ती संगणकावर, सायबर कॅफेत आणि पुढे मोबाइलवर खेळू लागली. बंदी उठल्यानंतर कन्सोल आले तेव्हा त्यांची जागा इतरांनी घेतलेली होती. मागणीला एका वाटेवर अडविले तर ती थांबत नाही, दुसरी वाट धरते, हा यातील बोध होय.

भारतात या साऱ्या प्रकारांचे थोडेथोडे प्रतिबिंब सापडते. १९९०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत जे यंत्र ‘व्हिडिओ गेम’ म्हणून शिरले ते बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे. ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशी त्यांची नावे. एका काड्यात शेकडो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात तेच दहावीस खेळ पुन्हा पुन्हा येत. भाव आणि काळ या दोन कसोट्यांवर हा बाजार वाईट नव्हता, भरवशाच्या कसोटीवर मात्र तो पुरता नापास होता. रीतसर आलेल्या मालाची गत पाहिली म्हणजे नकलांची सरशी का झाली ते उमगते. १९९५ मध्ये सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आले. ८० टक्के आयातकर टाळण्यासाठी ही देशी भागीदारी करण्यात आली होती, तरीही किंमत १८,००० रुपये पडली. त्या वेळच्या सरासरी दरडोई वार्षिक उत्पन्नाहून ही रक्कम मोठी होती.

पुढे काळाच्या कसोटीवर भारताची प्रगती स्पष्ट दिसते. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये निघाले आणि भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आले. म्हणजे दहा महिन्यांची वाट. ‘प्लेस्टेशन ४’ अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये निघाले आणि भारतात जानेवारी २०१४ मध्ये मिळू लागले. विशेष म्हणजे खुद्द जपानमध्ये ते त्यानंतर, २२ फेब्रुवारी २०१४ रोजी, पोहोचले. ‘प्लेस्टेशन ५’ अमेरिकेत व जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० रोजी आले. भारताला २ फेब्रुवारी २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारे बारा आठवडे, थांबावे लागले.

भावाचा हिशेब अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘प्लेस्टेशन ५’ अमेरिकेत ४९९ डॉलरांना होते. त्या सुमारास डॉलरचा भाव ७३ रुपयांच्या आसपास होता. तेव्हा ही रक्कम सुमारे ३६,४०० रुपये होते, आणि तीत तेथील राज्यांचा विक्रीकर धरलेला नाही. भारतात छापील किंमत ४९,९९० रुपये. तीमध्ये १८ टक्के वस्तू व सेवा कर समाविष्ट होता. कन्सोलवरील आयातकर २०१८ च्या अंदाजपत्रकात १० टक्क्यांवरून २० टक्के झालेला होता आणि त्यावर अधिभार होता. ४९,९९० मधून वस्तू व सेवा कर वजा केला तर सुमारे ४२,४०० रुपये उरतात. आयातकर व अधिभार मिळून २२ टक्के धरून तेही वजा केले तर रक्कम सुमारे ३४,७०० वर येते. हे गणित ढोबळ आहे. आयातकर बंदरात उतरलेल्या मालाच्या मूल्यावर बसतो, किरकोळ किमतीवर नव्हे, म्हणून खरी रक्कम याहून काहीशी अधिक असणार. तरीही दोन देशांतील भावात दिसणारे अंतर बहुतांशी करांचे आहे, व्यापाऱ्याच्या लोभाचे नव्हे, एवढे त्यातून निश्चित होते.

करामागेही एक भूमिका आहे, हे विसरून चालणार नाही. २०१५ च्या अखेरीस पन्नासांहून अधिक देशांनी माहिती-तंत्रज्ञानाच्या २०१ प्रकारच्या मालावरील आयातकर काढण्याचे ठरविले. त्या यादीत व्हिडिओ खेळांची यंत्रेही होती. भारत त्या करारापासून दूर राहिला. १९९६ च्या अशाच पहिल्या करारामुळे देशी इलेक्ट्रॉनिक उद्योगाला हानी पोहोचली, असे शासनाचे मत होते. युक्तिवाद म्हणून तो टाकाऊ नाही. परंतु ब्राझीलमध्ये भिंतीआड कारखाना तरी उभा राहिला. भारतात २०२१ मध्ये विकले गेलेले यंत्र आयात केलेलेच होते. भिंतीचा खर्च ग्राहकाने सोसला आणि आडोसा घेणारा उद्योग मात्र दिसला नाही.

या खर्चाचे खरे वजन उत्पन्नाच्या तराजूत टाकले म्हणजे कळते. ४९९ डॉलर हे अमेरिकेतील सरासरी दरडोई उत्पन्नाच्या हिशेबाने सुमारे तीन दिवसांचे. ४९,९९० रुपये हे भारतातील तशाच उत्पन्नाच्या हिशेबाने साडेचार ते पाच महिन्यांचे. वाडीतील एखाद्या कुटुंबात असे यंत्र घ्यावयाचे ठरते तेव्हा त्या निर्णयात दिवाळीची खरेदी, शाळेची फी आणि घराचा हप्ता यांचाही विचार असतो. अशा कुटुंबाला भावातील प्रत्येक वाढीव हजार रुपये जाणवतात आणि चुकीच्या खरेदीची भरपाई सहज होत नाही. कार्यक्षम बाजाराची गरज धनिकाला कमी आणि अशा घराला अधिक असते, ती याचसाठी.

देशाच्या अंतर्गत भागात मात्र बाजार पुष्कळ एकसंध झालेला आहे. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम आणि २०१७ मध्ये आलेला वस्तू व सेवा कर यांमुळे मुंबई, पुणे आणि बडोदे येथील छापील भावात भेद राहिला नाही. राज्याच्या सीमेवरचे तपासणी नाके गेले. भेद उरला तो पुरवठ्याचा. २०२१ च्या जानेवारीत ‘प्लेस्टेशन ५’ची आगाऊ नोंदणी खुली होताच काही मिनिटांत संपली, आणि पुढे तीच यंत्रे छापील किमतीहून चढ्या भावाने फिरू लागली. छापील भाव मागणीच्या मानाने कमी आणि माल थोडा असला म्हणजे उरलेली किंमत रांगेत उभे राहून अथवा मध्यस्थाला देऊन चुकवावी लागते. रांग हीही एक किंमतच आहे. फक्त ती पावतीवर येत नाही.

जेथे पुढचे दार अरुंद तेथे मागचे दार उघडते. मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, जे अधिकृतपणे येत नाही तेही मिळते, अशी त्या बाजाराची ख्याती आहे. निन्टेन्डोचे पहिले ‘स्विच’ यंत्र मार्च २०१७ मध्ये जगात आले. भारतात त्याची अधिकृत विक्री सुरू झाली नाही, तरीही ते अशा बाजारांतून घरोघरी गेले. परदेशी असलेले आप्त ही आणखी एक वाट, आणि बडोद्यातील कुटुंबांना ती चांगली परिचित आहे. या वाटांनी माल लवकर येतो, कधी स्वस्तही पडतो. पण हमीपत्र बहुधा परदेशीच राहते आणि यंत्र बिघडले तर दाद मागण्यास ठिकाण नसते. पूर्वी तर विजेच्या दाबाचाही घोळ होता. अमेरिकेतील ११० व्होल्टचे यंत्र येथील २३० व्होल्टच्या विजेवर थेट जोडले तर निकामी होण्याचा धोका असे, आणि चित्रप्रक्षेपणाची पद्धतीही निराळी असल्याने दूरचित्रवाणी संचावर चित्र नीट उमटेलच याची खात्री नसे.

येथवर ग्राहकाच्या बाजूने विचार झाला. अकार्यक्षम बाजाराचा दुसरा घाव निर्मात्यावर बसतो, आणि त्याचे उदाहरण पुण्याचेच आहे. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील छोट्या चमूने ‘राजी’ नावाचा खेळ रचला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडविण्यास निघते, आणि दुर्गा तिला शस्त्र देते, अशी ती कथा. तीमधील देवळे, हवेल्या आणि रंग थेट भारतीय परंपरेतून घेतलेले. २०१७ मध्ये लोकवर्गणीने निधी उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी नवोदितांच्या एका जागतिक पारितोषिकासाठी त्याचे नामांकनही झाले. परंतु तो प्रथम ज्या यंत्रावर आला ते यंत्र होते निन्टेन्डोचे ‘स्विच’. म्हणजे पुण्यात रचलेला, दुर्गेची कथा सांगणारा खेळ आरंभी अशा यंत्रावर अवतरला, की जे पुण्याच्या कोणत्याही दुकानात अधिकृतपणे विकले जात नव्हते. इतर यंत्रांवर तो काही आठवड्यांनी आला. रचणाऱ्यांनी केले ते व्यवहाराला धरूनच होते. त्यांचा ग्राहक जेथे होता तेथे ते गेले. तो ग्राहक स्वदेशी नव्हता, हा दोष बाजाराचा.

सारांश असा की, कोणताही देश तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरलेला नाही. भावात अमेरिका पुढे, जुन्या मालाच्या भरवशात जपान पुढे, स्थानिक निर्मितीत ब्राझीलने काही मिळविले आणि त्यासाठी जबर किंमत मोजली. चीनने दार लावून फक्त वाट बदलली. भारताने काळाचे अंतर पुष्कळ कमी केले, अंतर्गत भिंती पाडल्या, पण बंदरावरची भिंत उंचावली. ती भिंत ठेवावयाची तर तिच्याआड कारखाना उभा राहतो की नाही हे ठराविक मुदतीने तपासले पाहिजे. राहत नसेल तर भिंत उतरविणे हेच शहाणपणाचे. ग्राहकाच्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. छापील किंमत, देशात चालणारे हमीपत्र आणि पक्की पावती या तीन गोष्टी पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, आणि वापरलेले यंत्र चांगले तपासून घेण्यात कमीपणा मानू नये. जुन्या मालाचा प्रामाणिक व्यापार वाढला तर नव्याचाही भाव शहाणा होतो. खेळ रचणारे हात पुण्यात आहेत आणि खेळणारी मुले वाडीत आहेत. या दोघांमधील सर्वांत जवळची वाट परदेशातून जाऊ नये, एवढे साधले तरी या बाजाराने आपले काम केले असे म्हणता येईल.